रमा नावाचा अर्थ



गेल्या पौर्णिमेची गोष्ट. मुलुंडच्या एका बुद्धविहारात वंदना झाली होती आणि खीर वाटली जात होती. तेवढ्यात एक तरुण गृहस्थ मुलीला कडेवर घेऊन माझ्याजवळ आले. त्यांच्या कुटुंबाने वर्षभरापूर्वीच धम्मदीक्षा घेतली आहे. मुलीचे नामकरण व्हायचे होते आणि त्यावरून घरात वाद पेटला होता. मुलीची आजी, म्हणजे या गृहस्थांची सासू, घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात राहते. नातीचे नाव रमाच ठेवायचे, असा तिचा आग्रह. जावयाला ते मान्य नव्हते.

ते म्हणाले, "काका, रमा म्हणजे लक्ष्मी. आम्ही देव्हारा काढला, लक्ष्मीपूजन सोडले. आता मुलीला हाक मारताना दिवसातून दहा वेळा लक्ष्मीचेच नाव घ्यायचे? मग बावीस प्रतिज्ञा घेतल्या कशाला?"

आजी मागेच उभी होती. ती म्हणाली, "तुमची रमा लक्ष्मी असेल. माझी रमा गोवऱ्या थापणारी होती."

मंडळी हसली. मला मात्र हसू आले नाही. दोघांचेही म्हणणे मनापासूनचे होते आणि दोघेही धम्माला धरूनच बोलत होते. त्या दिवशी मी त्यांना थोडक्यात उत्तर दिले. पण हा प्रश्न एका घराचा नाही. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत ज्या ज्या घरात नवी दीक्षा झाली आहे आणि नवा पाळणा हलतो आहे, त्या प्रत्येक घराचा तो प्रश्न आहे. म्हणून येथे सविस्तर लिहितो.

प्रथम त्या तरुणाचे अभिनंदन केले पाहिजे. दीक्षा घेतल्यावर "हे का करावे?" असे विचारणारा मनुष्य खरा उपासक होतो. शब्दाचा अर्थ त्याने बरोबर सांगितला. कोणताही कोश उघडा, रमा म्हणजे लक्ष्मी हाच अर्थ तेथे मिळेल. शिवाय नाव ही क्षुल्लक बाब आहे असे निदान आपण तरी म्हणू नये. नावाचा मार आपल्या पूर्वजांनी पिढ्यानपिढ्या खाल्ला आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात चारी वर्णांची नावे कशी ठेवावीत याचा नियम आहे. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलाचे, वैश्याचे धनाचे, आणि शूद्राचे नाव निंद्य असावे असे ते शास्त्र सांगते. बाळाने डोळे उघडण्याआधी त्याच्या कपाळी तिरस्कार लिहून ठेवण्याची ही व्यवस्था होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जो ग्रंथ जाळला गेला, तो हाच.

तुमच्या आजोबा-पणजोबांची नावे आठवून पाहा. दगडू, धोंडू, कचरू, भिकू. मुले जगत नसत, म्हणून दृष्ट लागू नये या भीतीनेही कित्येकदा अशी नावे ठेवीत. अशी नावे इतर जातींतही होती. पण त्यांच्या घरात एक धोंडू असला तर शेजारी एक नारायण आणि एक गोविंद असे. आपल्या वस्तीत मात्र उकिरड्यापासून दगडापर्यंत सगळी अडगळ माणसांच्या नावांत भरली होती. म्हणून १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या घरांतून सिद्धार्थ, गौतम, राहुल, सुजाता, विशाखा, संघमित्रा ही नावे घुमू लागली, तेव्हा तो नुसता नावांचा बदल नव्हता. मान वर करून हाक मारण्याचा हक्क आपण घेतला होता.

हे सारे मान्य करून आता धम्माकडे वळू. नावाविषयी बौद्ध वाङ्मय काय सांगते?

जातककथांत एक नामसिद्धी जातक आहे. तक्षशिलेच्या एका आचार्याकडे पापक नावाचा शिष्य होता. "ये पापका, जा पापका" असे ऐकून तो कंटाळला. गुरूला म्हणाला, "मला दुसरे नाव द्या." गुरू म्हणाला, "जा, देशात हिंड, आवडेल ते नाव शोधून आण." पापक निघाला. एका गावात प्रेतयात्रा चालली होती. मेलेल्याचे नाव विचारले, तर जीवक! पुढे एका दारात एका दासीला दोरीने मारीत होते, कारण तिने मजुरीचे पैसे आणले नव्हते. तिचे नाव धनपाली! आणखी पुढे वाट चुकलेला मनुष्य भेटला. त्याचे नाव पंथक, म्हणजे वाटेचा जाणकार! पापक परत आला आणि गुरूला म्हणाला, "माझे आहे तेच नाव बरे आहे." नाव हे ओळखण्यापुरते असते, त्याने कोणाचे कार्य सिद्ध होत नाही, एवढाच त्याचा बोध.

येथे कोणी म्हणेल, मग कचरू हे नावही चालवून घ्यावे काय? नाही. पापकाचे नाव एकट्याचे होते. एका वर्गाने दुसऱ्या वर्गाला खाली दाबण्यासाठी शास्त्र करून ते लादले नव्हते. अपमानासाठी लादलेले नाव फेकून देणे हा स्वाभिमान आहे. पण चांगले नाव घेतले की काम झाले, असे मानणे ही फसवणूक आहे. राहुल नावाचा मुलगा शाळा बुडवून नाक्यावर बसत असेल, तर तो जातकातल्या वाट चुकलेल्या पंथकाचाच भाऊ समजावा.

आता मुख्य प्रश्न. जुन्या धर्माचा अर्थ चिकटलेले नाव बौद्धाने ठेवावे की नाही?

याचे उत्तर तथागतांच्या काळातच मिळून गेले आहे. कस्सप, म्हणजे काश्यप, हे ब्राह्मणी गोत्राचे नाव. उरुवेलेला तीन जटाधारी भाऊ राहत. तिघेही कस्सप. अग्नीची पूजा करणारे आणि हजार शिष्यांचे गुरू. तथागतांचा उपदेश ऐकल्यावर त्यांनी जटा कापल्या आणि अग्निहोत्राचे सामान नदीत सोडून दिले. नाव मात्र सोडले नाही. उरुवेल कस्सप, नदी कस्सप आणि गया कस्सप याच नावांनी ते संघात राहिले. महाकस्सपही त्याच नावाचे. महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली, ती त्यांच्याच अध्यक्षतेखाली. आणि त्याच काळात आणखी एक कस्सप होता, पूरण कस्सप. मारण्या-लुटण्यात पाप नाही आणि दान-संयमात पुण्य नाही, असे तो शिकवीत असे. नाव एकच. एका कस्सपाने धम्म जतन केला, दुसऱ्याने सदाचाराचा पायाच नाकारला. नावाला अर्थ देणारा कोश नव्हे, तर ते नाव धारण करणाऱ्याचे आचरण.

खुद्द गौतम हे नाव घ्या. गौतम नावाचे वैदिक ऋषी होते, न्यायसूत्रांचे कर्ते गौतम होते, महावीरांचे पट्टशिष्य इंद्रभूती हेही गौतमच. तरी आज मुलुंडच्या चाळीत कोणी "गौतम" अशी हाक मारली, तर ऐकणाऱ्याला कोण आठवतो?

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. रमाबाई या एकाच नावाच्या चार स्त्रिया येथे होऊन गेल्या. त्या चौघींचे चरित्र शेजारी शेजारी ठेवून वाचावे असे आहे.

पहिली रमाबाई थोरल्या माधवराव पेशव्यांची पत्नी. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी पुण्याजवळ थेऊरला माधवराव क्षयाने वारले आणि रमाबाई सती गेली. लोकांनी तिची पूजा केली. ऐन तारुण्यातल्या त्या बाईला जगण्याचा हक्क होता, असे म्हणणारा धर्म तेव्हा तेथे नव्हता. तिच्या नावाचा अर्थही लक्ष्मीच होता. त्या नावाने तिला चितेवरून उतरवले नाही.

दुसऱ्या रमाबाई रानडे. माहेरचे त्यांचे नाव यमुना. १८७३ साली अकरा वर्षांच्या वयात त्यांचे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांशी लग्न झाले आणि यमुनेची रमा झाली. सासरी गेल्यावर स्त्रीचे नावदेखील तिचे राहत नाही, ही त्या समाजाची रीत. पतीने शिकवायला घेतले, तर घरातल्या बायकांनी छळ मांडला. तरी त्या शिकल्या. पुण्यात मुलींच्या हायस्कूलसाठी झटल्या, आणि वैधव्यानंतर घरात बसून न राहता पुण्याच्या सेवासदनात स्त्रियांना शिक्षण देण्याचे काम त्यांनी उभे केले. १९१० साली त्यांच्या आठवणींचे पुस्तक निघाले. थेऊरच्या रमाबाईला विधवा म्हणून जगताही आले नाही. या रमाबाईने वैधव्यातच आयुष्यातले मोठे काम केले.

तिसऱ्या पंडिता रमाबाई, जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवले, म्हणून स्वजातीयांचा रोष ओढवून घेतला. दुष्काळात आईवडील गेले. मुलगी भावाबरोबर पायी हिंडत कलकत्त्याला पोहोचली, आणि तेथील पंडितांनी तिला पंडिता ही पदवी दिली. पुढे तिने जातीबाहेर लग्न केले. दोन वर्षांत वैधव्य आले. १८८२ साली त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज काढला. तेथे रमाबाई रानडेही जात. एक रमाबाई बोलत असे आणि दुसरी ऐकत असे, आणि दोघींनाही शहरातून शिव्या मिळत. १८८३ साली पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मग तर त्यांच्यावर आग पाखडली गेली. त्या वेळी त्यांची बाजू घेऊन लेखणी उचलली ती जोतीराव फुल्यांनी. १८८५ सालच्या 'सत्सार'मध्ये त्यांनी रमाबाईंच्या धर्मांतराचे समर्थन केले. ज्या जोतीरावांना बाबासाहेबांनी गुरू मानले, त्यांनीच ते केले हे आपण विसरू नये. १८९७ च्या दुष्काळात या रमाबाईंनी उपाशी, निराधार मुली गोळा करून केडगावच्या मुक्तिसदनात आणल्या. धर्म बदलला तरी जगाला त्या रमाबाई म्हणूनच माहीत राहिल्या. नाव लक्ष्मीचे आहे म्हणून त्यांना ते सोडावेसे वाटले नाही, आणि नव्या धर्मातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितले म्हणून स्वतःचा विचारही त्यांनी सोडला नाही.

आणि चौथी आपली रमाई.

७ फेब्रुवारी १८९८ रोजी दापोलीजवळ वणंद गावी तिचा जन्म झाला. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरावर माशांच्या टोपल्या वाहत. आईबाप लवकर गेले आणि पोरकी भावंडे नातलगांबरोबर मुंबईला आली. रात्री बाजार उठल्यावर भायखळ्याच्या बाजारात तिचे लग्न लागले. नवरा शिकत होता. तो १९१३ साली अमेरिकेला गेला, तेथून लंडनला, आणि १९२० साली पुन्हा लंडनला. परळच्या बी. आय. टी. चाळीत इकडे रमाईने घर ओढले. तिने गोवऱ्या थापल्या, उपास काढले, पण विलायतेत शिकणाऱ्या पतीला आपल्या हालाची झळ लागू दिली नाही, असे त्या काळची माणसे सांगत. पाच लेकरे झाली. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार तिच्यासमोर गेली. एक यशवंत जगला. धनाच्या देवीचे नाव आणि घरात औषधाला पैसा नाही! जातकातली मार खाणारी धनपाली तुम्हाला येथे आठवली असेल. पण धनपाली आणि रमाई यांत एक फरक आहे. धनपालीला दारिद्र्य भोगावे लागले, एवढीच तिची कथा. रमाईने ते दारिद्र्य एका कार्यासाठी सोसले, आणि त्या कार्यातून कोट्यवधी माणसे माणसात आली.

रमाई भाविक होती. पंढरपूरला जावे, विठोबाचे दर्शन घ्यावे, ही तिची इच्छा होती. जे देवस्थान आपल्या माणसाला दाराबाहेर उभे करते तेथे कशाला जायचे, आपण दुसरी पंढरी उभारू, असे बाबासाहेबांनी तिला समजावल्याचे प्रसिद्ध आहे. २७ मे १९३५ रोजी राजगृहात तिने डोळे मिटले. त्यानंतर पाचच महिन्यांत, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. म्हणजे ध्यानात घ्या, रमाईला ना दीक्षा मिळाली, ना त्रिशरण-पंचशील. १९४० साली निघालेला पाकिस्तानविषयीचा आपला ग्रंथ बाबासाहेबांनी तिच्या स्मृतीला अर्पण केला. तिचे मन, तिचे शील आणि त्यांच्या पडत्या काळात तिने शांतपणे दिलेली साथ यांचा त्यांनी तेथे गौरव केला. गौरव तिच्या गुणांचा आहे. नावाच्या अर्थाचा तेथे मागमूसही नाही.

आता या चौघींकडे एकदम पाहा. आपल्या काही घरांत अजूनही मूल जन्मले की पंचांगवाल्याला विचारतात, अक्षर कोणते आले? र आले तर तूळ रास, मग स्वभाव असा, भाग्य असे. या चौघींचेही अक्षर र. एक चितेवर गेली, एकीने शाळा उभारल्या, एकीने धर्म बदलला, एकीने दारिद्र्यात राहून क्रांतीला हात दिला. चौघींत काय सारखे आहे? अक्षरापलीकडे काही नाही. अक्षर विचारायला जाणाऱ्याने जाण्याचे पैसे वाचवून बाळाला पाटी आणावी.

म्हणून त्या तरुणाला माझे उत्तर असे: रमा या नावातली लक्ष्मी आपण बाहेर काढायची गरज उरलेली नाही. रमाईने ती केव्हाच बाहेर काढली आहे. भीम हे नाव पांडवाचे. पण "जयभीम" म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर गदा येते काय? बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धर्म बदलला. नाव भीमरावच ठेवले. वडील रामजी, आई भीमाबाई, ही नावेही तशीच राहिली. प्रतिज्ञा आहे ती देवांना देव न मानण्याची आणि त्यांची उपासना न करण्याची. माणसाच्या कष्टाने पवित्र झालेले नाव टाकण्याची नाही.

पण आजीलाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. तिला मी ते त्याच दिवशी सांगितले. जावयाची भीती अगदीच पोकळ नाही. काही घरांत रमाईच्या तसबिरीपुढे नारळ फुटतो, तिची ओटी भरली जाते, मूल व्हावे म्हणून तिला नवसही बोलला जातो. असे झाले तर जावई जिंकला आणि आपण सारे हरलो, असे समजावे. ज्या दिवशी रमाईची देवी झाली, त्या दिवशी आपण तिला पुन्हा लक्ष्मी करून टाकली. पहिल्या रमाबाईचे काय झाले ते आठवा. तिची पूजा केली आणि तिचे जगणे विसरले. रमाईला आपण माता म्हणतो. मातेला नवस बोलायचा नसतो, तिचे कष्ट फुकट जाणार नाहीत असे वागायचे असते. ज्या घरात रमाईची तसबीर आहे आणि दारूपायी बायकोच्या अंगावर हात पडतो, त्या घरात ते नाव कोणत्या तोंडाने घ्यावे? ज्या घरात मुलाच्या शिकवणीला पैसे आहेत आणि मुलीची शाळा दहावीला सुटते, त्या घराने ७ फेब्रुवारीला हार घालून काय साधले?

घाटकोपरच्या ज्या वस्तीतून ही आजी आली, त्या वस्तीने या नावाची किंमत मोजली आहे. ११ जुलै १९९७ रोजी तेथे बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचे उघड झाले, लोक निषेधाला रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात १० जणांचा प्राण गेला. रमाबाई नगर हे नाव उच्चारताना आता ते दहाजणही आठवतात. आजीच्या आग्रहात तेही होते, हे जावयाला मी सांगितले. तेव्हा तो गप्प झाला.

आणखी एक गोष्ट आईबापांसाठी. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकाच्या नावापुढे शासकीय कागदपत्रांत आधी आईचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव लिहावे लागते. आपल्याला हे नवे वाटू नये. बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांत मुलांना घेऊन जा. तेथे गौतमीपुत्र यज्ञ सातकर्णी या सातवाहन राजाचा उल्लेख असलेला लेख आहे. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी आईची ओळख हे राजे नावात मिरवीत, आणि त्यांच्या राज्यात डोंगरोडोंगरी विहार कोरले जात होते. तेव्हा उद्या तुमच्या मुलीच्या दाखल्यावर तिचे नाव आणि तिच्या आईचे नाव शेजारी शेजारी येईल. ती दोन्ही नावे लाज न वाटता, स्वच्छ अक्षरात लिहा. आडनावावरून कोणी जात ओळखेल म्हणून नाव झाकू नका.

नामकरणाचा विधी साधा असू द्या. त्रिशरण-पंचशील घ्या. मग जे नाव ठेवाल, त्या नावाचे कोण होऊन गेले ते चार वाक्यांत घरच्या सर्वांना सांगा, शेजाऱ्यांनाही सांगा. मोठा मांडव आणि जेवणावळ यांऐवजी तेवढी रक्कम बाळाच्या नावाने शिक्षणासाठी ठेवा. नाव सिद्धार्थ असो, सुजाता असो की रमा, त्याचा अर्थ वीस वर्षांनी ते मूलच ठरवणार आहे. त्याला तो चांगला ठरवता येईल एवढी सोय करून देणे, हे आईबापांचे काम.

मुलुंडच्या त्या मुलीचे नाव रमा ठेवले. दाखल्याचा कागद वडिलांनीच भरला. आजीला लिहिता येत नाही. तिने तो हातात घेतला, उलटा धरला आणि विचारले, "यात रमा कुठे लिहिलंय, दाखवा." जावयाने बोट ठेवून दाखवले. मी त्याला म्हणालो, ही नात सहा-सात वर्षांची झाली की तिच्याकडूनच आजीला रमा हे नाव लिहायला शिकवा. तसे झाले तर मला अवश्य कळवा.

जयभीम. नमो बुद्धाय.